मलकपेठेच्या रद्दीतले 'नवल'

भुताखेतांच्या, गूढाच्या आणि अंतराळयानांच्या कथा छापणारी जुनी मराठी मासिके ग्रंथालयाच्या कपाटात क्वचितच भेटतात. ती सापडतात माळ्यावर, बंद पडलेल्या वाचनालयाच्या खोक्यात, नाहीतर रद्दीवाल्याच्या तराजूवर. महाराष्ट्राबाहेर, हैदराबादेच्या मलकपेठेसारख्या वस्तीत असा अंक हाती लागला तर त्याचे दुहेरी अप्रूप. एक तर ही मासिके जपून ठेवायची असतात असे फारसे कोणाला वाटले नाही. दुसरे म्हणजे तो अंक मुळात इथवर आला कसा, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाचे उत्तर रेल्वेच्या नकाशात आहे. हैदराबाद–मनमाड हा मीटरगेज मार्ग १९०० साली पुरा झाला आणि नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद ही गावे निजामाच्या राजधानीला जोडली गेली. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानाचा आणि मग हैदराबाद राज्याचा भाग होता. कोर्टकचेरी, नोकरी, उस्मानिया विद्यापीठातले शिक्षण, सगळ्यासाठी मराठवाड्याचा माणूस हैदराबाद गाठत असे आणि त्यातले बरेच जण इथेच राहिले. मराठवाड्याकडच्या गाड्या काचीगुड्याला येतात, आणि काचीगुड्यानंतरचे दक्षिणेकडचे स्टेशन म्हणजे मलकपेठ. सुलतान बाजार, कोठी, काचीगुडा या भागांत मराठी बिऱ्हाडे दाट. चादरघाटाच्या पुलावरून मुसी नदी ओलांडली की मलकपेठ. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी शाळा, मराठी ग्रंथ संग्रहालय आणि मराठी साहित्य परिषद या संस्थांमुळे मराठी वाचनाची सोय शहरात होती. पुण्या-मुंबईचे मासिक पोस्टाने किंवा सुट्टीहून परतणाऱ्याच्या पिशवीतून येई, एका घरातून दुसऱ्या घरात फिरे आणि शेवटी माळ्यावर जाऊन बसे. आता मलकपेठेतली बैठी घरे पाडून तिथे अपार्टमेंट उभी राहतात, तेव्हा माळे रिकामे होतात. त्यातले काही रद्दीवाल्याकडे जाते, काही रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर भरणाऱ्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात येते.

अशा मासिकांचा जगातला इतिहास अमेरिकेपासून सांगितला जातो. 'विअर्ड टेल्स' हे भयकथांचे मासिक १९२३ साली निघाले, आणि ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. गर्न्सबॅक वाचकांची पत्रे छापताना त्यांचे पूर्ण पत्तेही छापत. एवढ्याशा गोष्टीने मोठी उलथापालथ झाली. पत्ते पाहून वाचक एकमेकांना लिहू लागले, मंडळे स्थापू लागले आणि १९३० साली 'द कॉमेट' हे वाचकांनीच काढलेले पहिले चाहता-मासिक अवतरले. अशी मासिके बहुधा जिलेटिनच्या पाटावर नाहीतर स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइल यंत्रावर काढली जात. जिलेटिनच्या पाटावर जांभळ्या शाईचा मजकूर उमटवून त्यावर एकेक कागद दाबायचा. पन्नासेक प्रती निघेपर्यंत शाई फिकी होई आणि अंक संपे. १९३३ साली चार्ल्स हॉर्निग या सतरा वर्षांच्या मुलाने 'द फँटसी फॅन' काढले. एच. पी. लव्हक्राफ्ट यांचा भयसाहित्यावरील प्रदीर्घ निबंध त्यात क्रमशः येत होता. मासिकच बंद पडल्याने तो तिथे अपुरा राहिला. हॉर्निगचा अंक पाहून गर्न्सबॅक यांनी त्याला आपल्या व्यावसायिक मासिकाच्या संपादनासाठी बोलावून घेतले. वाचकाचा संपादक होण्याची ही वाट पुढे अनेकांनी चोखाळली. भयपटांच्या चाहत्यांसाठी १९५८ साली निघालेले 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' हे फॉरेस्ट अॅकरमन यांनी संपादित केले, आणि तेही मूळचे अशाच हौशी मंडळींतले.

मराठीत विज्ञानकथेचा आरंभ, योगायोगाने, महाराष्ट्राबाहेरच झाला. कोचीनला राहणाऱ्या कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ साली सुरू केलेल्या 'केरळकोकिळ' या मासिकात १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा मराठी अवतार क्रमशः येऊ लागला. मराठीतली पहिली स्वतंत्र विज्ञानकथा म्हणून सहसा श्री. बा. रानडे यांच्या 'तारेचे हास्य' या कथेचे नाव घेतले जाते. तिचा काळ १९१५ च्या आसपासचा. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न आणि एच. जी. वेल्स मुलांच्या हाती दिले. रहस्यकथेचा बाजार मात्र एकट्या बाबूराव अर्नाळकरांनी उभा केला. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची पात्रे घराघरांत पोचली आणि त्यांच्या पुस्तकांची संख्या हजारावर गेली. भय, रहस्य आणि विज्ञान या तिन्ही वाटा एका मासिकात आणण्याचे काम त्यानंतरचे.

ते काम अनंत अंतरकरांनी केले. 'सत्यकथे'च्या संपादनाचा अनुभव गाठीशी असलेल्या अंतरकरांनी १९४६ साली 'हंस' सुरू केले. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्याला दोन भावंडे मिळाली: विनोदाला वाहिलेले 'मोहिनी' आणि अद्भुत, गूढ, साहस, भय व विज्ञान यांना वाहिलेले 'नवल'. एकाच संपादकाने गंभीर कथा, विनोद आणि अद्भुत यांसाठी तीन वेगळी दालने उघडावीत, ही मराठी मासिकांच्या जगात नवी गोष्ट होती. या मांडणीमागे एक भूमिका होती. भुताची गोष्ट वाचणारा वाचक हलक्या अभिरुचीचा, असा समज त्या काळी रूढ होता. 'नवल'ने त्या वाचकाला 'हंस'च्या वाचकाच्या बरोबरीने वागवले. परदेशी कथांची रूपांतरे आणि स्वतंत्र मराठी कथा एकाच अंकात शेजारी बसल्या. अंतरकर १९६६ साली गेले. त्यानंतर त्यांचे पुत्र आनंद अंतरकर यांनी पुण्याहून ही तिन्ही नावे चालू ठेवली आणि कालांतराने ती दिवाळी अंकांच्या रूपाने येत राहिली.

'नवल'ला चाहता-मासिक म्हणता येईल का? काटेकोर अर्थाने नाही. ते छापखान्यात छापलेले, विकत घ्यायचे, व्यवसाय म्हणून चालवलेले मासिक होते. मराठीत घरगुती पद्धतीने मासिक काढण्याची रीत नव्हती असेही नाही. शाळा-महाविद्यालयांत हस्तलिखिते निघत. १९५४ साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी काढलेले 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक होते, आणि साठच्या दशकात तर लघुनियतकालिकांची चळवळच झाली. पण या यंत्रावर कविता आली, बंडखोरी आली, प्रस्थापितांना दिलेल्या शिव्या आल्या. भुते आणि रॉकेट आले नाहीत. कारण उघड आहे. नव्या कवितेला छापील मासिकांत जागा मिळत नव्हती, म्हणून तिने स्वतःचे यंत्र फिरवले. भयकथेला आणि विज्ञानकथेला जागा होती, गिऱ्हाईक होते आणि त्या वाचकाइतकाच त्यांचा षोकी असलेला संपादकही होता. अमेरिकेतल्या चाहत्याने जे काम पाटावरच्या जांभळ्या शाईने केले, ते मराठीत संपादकाने छापखान्यात केले. वाचकाला अंक काढावा लागला नाही. त्याला फक्त वाचनालयाचा सभासद व्हावे लागले.

ही वाचनालये म्हणजे या साहित्याची खरी मंडळे. चाळीच्या कोपऱ्यावर, स्टेशनजवळ, किराणा दुकानाच्या एका फळीवर चालणाऱ्या खाजगी वाचनालयात महिन्याची वर्गणी भरून मासिके मिळत. अंक किती जणांनी वाचला हे त्याच्या अंगावर लिहिलेले असे. मुखपृष्ठावर वाचनालयाचा गोल शिक्का, आत चिकटवलेल्या कागदावर परतीच्या तारखा, सुटलेल्या पानांना खळ लावून बसवलेली पट्टी आणि समासात पेन्सिलीने 'शेवट आधी वाचू नये' अशा थाटाचा मजकूर. परदेशी चाहत्यांनी पत्रव्यवहाराने जे साधले, ते इथे एकाच प्रतीने साधले. वाचक एकमेकांना ओळखत नसत, पण एकमेकांच्या बोटांचे डाग ओळखत.

दिवाळी अंकांनी या प्रवाहाला दुसरा आधार दिला. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी वाचनाचे वर्ष दिवाळीपासून सुरू होते. पुढे 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनी रहस्य, भय आणि विज्ञान यांचाच फराळ वाढला, आणि नियमित मासिके बंद पडत गेली तरी हा वाचक टिकून राहिला.

या अंकांतून मराठी भयकथेचे स्थलांतर नीट दिसते. सुरुवातीच्या रूपांतरांत भूत राहायचे किल्ल्यात, धुके असायचे, बग्गी असायची. मलकपेठेला असा देखावा परका नाही. पायगा घराण्यातील सर आसमान जाह यांनी १८८५ च्या सुमारास इथल्या टेकडीवर बांधलेले आसमानगढ हे बुरुजांचे, युरोपी गॉथिक धाटणीचे गढीवजा घर आजही उभे आहे. त्याच्याजवळच निजामाच्या फौजेतल्या रेमंड या फ्रेंच सेनापतीची समाधी आहे. तो १७९८ साली वारला. लोकांनी त्याचे नाव मुसाराम करून टाकले आणि मुसारामबाग हे वस्तीचे नाव त्यावरूनच पडले. पण महाराष्ट्रातल्या वाचकाने असा गढीतला वारा घरी अनुभवलेला नव्हता. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयाला वाड्यात, बोळात, तळघरात, आडगावच्या बंगल्यात आणून बसवले. तंत्रशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या धारपांचे 'समर्थ' हे पात्र भुताशी लढते, पण एखाद्या प्रयोगशाळेतल्या माणसाच्या शिस्तीने. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली त्यांची 'लुचाई' मराठी वाचकाला परकी वाटली नाही, ती या देशीकरणामुळेच. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आणखी एक पाऊल टाकले. त्यांच्या गूढकथेत भूत असलेच पाहिजे असे नाही; मध्यमवर्गीय फ्लॅटमधला एखादा शेजारी, एखादे मूल, मनातली एखादी गाठ पुरते. २०१८ च्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटाने धारपांची आठवण नव्या पिढीला करून दिली, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की ही परंपरा अनेक दशके मासिकांतून वाहत होती.

विज्ञानकथेची वाट थोडी वेगळी. तिला १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेचा आधार मिळाला. परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग उलगडा झाला की जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांनी पत्नीकडून लिहून घेतली होती. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाला आपल्या नावाच्या वजनाखाली कथा दाबली जाऊ नये असे वाटले, यातच त्या स्पर्धेच्या प्रामाणिकपणाची पावती आहे. पुढे 'किर्लोस्कर'सारख्या मासिकांनी त्यांच्या कथा छापल्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे यांनी हा प्रांत विस्तारला. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले. कधीकाळी 'नवल'च्या पानांत बसणाऱ्या साहित्यप्रकाराला मिळालेली ती अधिकृत मान्यता म्हणायला हरकत नाही.

इतर भारतीय भाषांतही अशा कथांना वाचक मिळत होता. कोलकात्यात अद्रीश बर्धन यांनी १९६३ साली 'आश्चर्य' हे विज्ञानकथांचे बंगाली मासिक काढले आणि १९६६ साली तिथे सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली विज्ञानपटांसाठी सिने-क्लब उभा राहिला. मराठीत 'नवल'भोवती असे मंडळ जमले नाही. अलाहाबादहून १९५२ पासून निघणारी इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' ही उर्दू मालिका हैदराबादेत हातोहात खपे. उस्मानिया विद्यापीठात १९४८ पर्यंत शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने तिथे शिकलेल्या मराठी माणसाला ती वाचायला अडचण नव्हती. ऐंशीच्या दशकात यंडमूरी वीरेंद्रनाथ यांच्या 'तुलसीदळम्' या तेलुगू भयकादंबरीने शहर हलवले. मलकपेठेतल्या मराठी घराच्या माळ्यावर देवनागरी, उर्दू आणि तेलुगू या तीन लिप्या एकाच सुतळीने बांधलेल्या निघाल्या तर आश्चर्य वाटायला नको.

सापडलेल्या अंकाचे मुखपृष्ठ आणि पहिली पाने बहुधा गेलेली असतात. तरीही त्याचा काळ ठरवता येतो. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने मुद्रक-प्रकाशकाचे नाव आणि स्थळ छापणे बंधनकारक होते, म्हणून ती ओळ आधी शोधावी. किंमत आण्यांत असेल तर अंक एप्रिल १९५७ च्या आधीचा किंवा त्या उंबरठ्यावरचा. 'नये पैसे' असतील तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा. पत्त्यात सहा आकडी पिन असेल तर ऑगस्ट १९७२ नंतरचा. शुद्धलेखनही साक्ष देते. 'केलें', 'नाहीं', 'त्याचें' अशी अनुच्चारित अनुस्वारांची गर्दी असेल, तर मजकूर बहुधा १९६२ च्या नव्या नियमांपूर्वीचा. जाहिरातींतली केसांची तेले, टॉनिके, संमोहन शिकवणारी पुस्तके आणि घरबसल्या रेडिओ दुरुस्तीचे अभ्यासक्रम बाकीची माहिती पुरवतात. तो वाचक तरुण होता, नोकरीच्या शोधात होता, आणि रात्री भुताची गोष्ट वाचून सकाळी यंत्र शिकू पाहत होता.

हे कागद मुळातच अल्पायुषी. वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन प्रकाश आणि हवा लागून पिवळे पडते, कागदातले आम्ल धागे कुरतडते, पिना गंजून पानांना तपकिरी भोके पाडतात. कोकणच्या दमट हवेपेक्षा दख्खनच्या कोरड्या हवेत असा अंक थोडा जास्त तग धरतो, मग कसर आणि वाळवी उरलेले काम करतात. सेलोटेप लावणे आणि लॅमिनेशन करणे हे दोन्ही उपाय रोगापेक्षा वाईट. गंजलेल्या पिना अलगद काढाव्यात, अंक सपाट ठेवावा, आम्लविरहित कागदात गुंडाळावा आणि उन्हापासून दूर ठेवून प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. ते सर्वांसाठी प्रसिद्ध करण्याआधी हक्कांचा विचार हवा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात. अंतरकरांचे स्वतःचे लेखन २०२६ अखेरपर्यंत संरक्षित आहे, आणि अंकातल्या बहुतेक लेखकांचे त्याहून पुढे. जपण्याला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

इथेच मराठी वाङ्मयव्यवहाराचा एक अन्याय दिसतो. सायक्लोस्टाइलवर थोड्याशा प्रती निघालेल्या लघुनियतकालिकांवर प्रबंध झाले, त्यांचे अंक संग्रहांत पोचले. त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक वाचकांनी वाचलेले 'नवल' मात्र किलोच्या भावाने गेले. लोकप्रिय होते म्हणून ते सगळीकडे असेल असे सगळ्यांनी गृहीत धरले, आणि म्हणून ते कुठेच उरले नाही. १९५४ च्या कायद्याने पुस्तकांची, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर नियतकालिकांचीही, प्रत ठरावीक ग्रंथालयांना देणे प्रकाशकाला बंधनकारक होते. पण कायद्याने जमा झालेला अंक वाचलेला नसतो. मराठी भयकथेचा आणि विज्ञानकथेचा इतिहास लिहायचा तर वाचलेले, शिक्का मारलेले, डाग पडलेले अंकच लागतील. तेव्हा मलकपेठेत असो की मिरजेत, माळा रिकामा करताना मराठी मासिकांचा गठ्ठा तराजूवर टाकण्यापूर्वी सुतळी एकदा सोडा, मुद्रक-प्रकाशकाची ओळ वाचा, आणि 'नवल', 'धनंजय' असे नाव दिसले तर तो अंक जवळच्या मराठी ग्रंथालयाला नेऊन द्या.